वाफसा कोण विचारतो?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावात भुयारी गटाराच्या कामावर होतो. काळ्या मातीतून जाणारा अडीच मीटर खोल चर. मे महिन्यात जेसीबीनं तो काढला तेव्हा त्याच्या कडा रंधा मारल्यासारख्या सरळ उभ्या राहिल्या होत्या, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आमच्या मुकादमाला वाटलं नव्हतं. बीडकडचा माणूस, पन्नाशी उलटलेला. चराच्या कडेपासून हातभर मागे, चराला समांतर गेलेली एक भेग त्यानं मला दाखवली. तिच्यात तुरीची काडी घातली, ती जवळजवळ सगळी आत गेली. "साहेब, पाणी इथून शिरणार," एवढंच म्हणाला आणि तंबाखू मळत पुढे गेला.

जूनच्या नऊ तारखेला संध्याकाळी पाऊस झाला. आठवडी बाजाराचा दिवस होता म्हणून मजूर लवकर सुटले होते. सकाळी जाऊन पाहिलं तर तीस-चाळीस फूट चर जागेवर नव्हताच. कड आत बसली होती, कडेला रचलेला मातीचा ढीग तिच्यावर, आणि आदल्या दिवशी जोडलेले पाइप त्या सगळ्याच्या तळाशी. बाजार दुसऱ्या दिवशी असता तर काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी साईटच्या नोंदवहीत लिहिलं : 'पावसामुळे काम बंद.'

त्या वाक्यातल्या 'मुळे'वर माझा आता विश्वास नाही. आपल्याकडे खोदकामाचा, भरावाचा, डोंगरकापणीचा जो काही घोटाळा जून ते सप्टेंबरात उघडा पडतो, त्याचं कारण लिहिताना हे शब्दयोगी अव्यय तयार असतं. पावसामुळे दरड कोसळली, पावसामुळे भिंत पडली, पावसामुळे रस्ता खचला. वाक्य व्याकरणानं शुद्ध असतं आणि त्यात करणारा कुणीच नसतो. कोकणात तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा तर राज्याच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. लोक हसले. पण खेकड्यांना बोल लावणं आणि पावसाला बोल लावणं यात मला फारसा फरक दिसत नाही. खेकडे बांधात बिळं करतात हे खरंच आहे, आणि पाऊस पडतो हेही खरंच आहे. दोघंही दरवर्षी येतात.

पाऊस मातीला करतो काय, हे आधी नीट पाहू. हे ज्ञान प्रयोगशाळेत जितकं आहे तितकंच स्वयंपाकघरात आहे. कणीक मळताना पाणी कमी पडलं तर पीठ एकत्र येत नाही, जास्त झालं तर हाताला चिकटतं, आणि या दोन टोकांच्या मध्ये एक नेमकी जागा असते. मातीचा भराव दाबतानाही हेच. १९३३ मध्ये राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन इंजिनिअरनं दाखवून दिलं की प्रत्येक मातीत पाण्याचं एक ठरावीक प्रमाण असताना ती रोलरखाली सगळ्यात घट्ट बसते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, ओली असेल तर कणांमधली जागा पाण्यानं अडवलेली असते. रोलर कितीही फिरवा, पाणी दाबलं जात नाही, माती नुसती गादीसारखी लाटा मारते. आपल्या राष्ट्रीय महामार्गांच्या कामात भराव साधारण वीस सेंटिमीटरच्या थरांनी चढवायचा असतो, आणि दर थर प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के, अगदी वरचा थर ९७ टक्के बसायला हवा असतो. त्यासाठी मातीतलं पाणी त्या नेमक्या प्रमाणाच्या एक-दोन टक्के इकडेतिकडे चालतं, जास्त नाही. एका रात्रीचा पाऊस ही एक-दोन टक्क्यांची सवलत पहिल्या अर्ध्या तासातच खाऊन टाकतो.

आपल्या शेतकऱ्याला हे प्रॉक्टरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. त्याचा शब्द आहे वाफसा. पाऊस पडून गेला म्हणून कुणी लगेच औत घालत नाही. एक-दोन दिवस थांबतो, बांधावर जातो, मूठभर माती उचलून दाबतो. गोळा झाला आणि वरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आला. चिकटून राहिला तर नाही. मुकादम आणि जुने रोलरचालकही अगदी हीच परीक्षा करतात, त्याच मुठीनं. गंमत म्हणजे दोघांचे हेतू उलटे आहेत. शेतकऱ्याला माती भुसभुशीत करायची असते, रोलरवाल्याला ठोकून दगड करायची असते. पण दोघांना हवी असलेली ओल जवळजवळ एकच निघते. पश्चिम महाराष्ट्रात वाफशाला घात म्हणतात, आणि घात चुकली की घात होतो हे निराळं सांगावं लागत नाही.

भरावाचं असं. खोदाईचं दुखणं याहून वाईट, कारण तिथं माणूस आत उतरलेला असतो. कोरड्या मातीचा एक घनमीटर साधारण सोळाशे किलो भरतो. तोच पाण्यानं तुडुंब झाला की दोन हजारांच्या आसपास जातो. म्हणजे चराच्या कडेवरचं ओझं वाढतं आणि नेमक्या त्याच वेळी कडेची ताकद जाते. किंचित ओल्या मातीला जी पकड असते ती कणांमधल्या पाण्याच्या ताणाची असते. वाळूचा किल्ला त्याच पकडीवर उभा राहतो आणि लाट आली की बसतो. त्यापुढची गोष्ट कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये मांडली. मातीची ताकद कणांनी कणांवर दिलेल्या दाबात असते, आणि मधलं पाणी स्वतः दाब घेऊ लागलं की कणांवरचा दाब तितका कमी होतो. माती तीच, जागा तीच, पण आतून जणू कुणी तिला उचलून धरलेलं असतं.

काळ्या मातीत यात कपटाची भर आहे. मे महिन्यात ती वाळून, आकसून दगडासारखी होते, म्हणून तिची कड उभी राहते आणि माझ्यासारख्या नवख्याला फसवते. पण आकसल्यामुळेच तिला भेगा पडतात. पहिला पाऊस वरून झिरपण्याची वाट पाहत नाही, थेट भेगेतून खाली उतरतो, भेग भरतो आणि भेगेपुढची माती चरात ढकलतो. खोदकामाच्या सुरक्षेची भारतीय संहिता आहे, आयएस ३७६४. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्या किंवा कड उतरती कापा, आणि निघालेली माती कडेपासून निदान दीड मीटर लांब टाका, असं ती सांगते. आमचा ढीग कडेला चिकटून होता, कारण रस्त्याची रुंदी तेवढीच होती आणि रहदारी बंद करायला नगरपालिका तयार नव्हती. पाऊस पडला नसता तर हे सगळं झाकलेलं राहिलं असतं, एवढाच काय तो पावसाचा दोष.

मग चर मे महिन्यात का खोदला? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मार्च एंड. निधी मार्चमध्ये खर्ची पडायला हवा, म्हणून कार्यारंभ आदेश फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. ठेकेदार यंत्रं आणतो तोवर एप्रिल उजाडतो. मग मेअखेरीपर्यंत जेवढं उकरता येईल तेवढं उकरायचं, कारण त्यानंतर रस्ते खोदायला पुण्यामुंबईच्या महापालिकाही बंदी घालतात. बंदी खोदण्यावर असते. खोदलेलं बुजवून झालं की नाही, याची विचारपूस तेवढ्या जोरात होत नाही. आणि ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने, जेव्हा आभाळ मोकळं असतं, माती वाफशावर असते, ते अंदाजपत्रकं, तांत्रिक मान्यता, निविदा आणि अधूनमधून आचारसंहिता यांत जातात. ज्या दिवसांत खणावं त्या दिवसांत आपण कागद करतो.

हे हिशेबाचं वर्ष काही आपल्या आभाळाखाली ठरलेलं नाही. सरकारी वर्ष आधी १ मेपासून सुरू होत असे. १८६७ मध्ये ते इंग्लंडच्या सोयीनं १ एप्रिलपासून करण्यात आलं. एल. के. झा यांच्या समितीनं १९८५ मध्ये ते जानेवारीपासून सुरू करावं अशी शिफारस केली होती, आणि त्यांच्या विचारामागे मोसमी पाऊसच होता. शिफारस फायलीत राहिली. अर्थसंकल्पवाल्यांची त्याविरुद्धची कारणं असतील, मी त्यात शिरत नाही. पण मुरूम, माती आणि खडक यांच्या बाजूनं त्या टेबलावर कुणी बसलं होतं असं वाटत नाही.

सार्वजनिक बांधकामाच्या निविदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना एक ओळ पाठ असेल : कामाची मुदत बारा महिने, पावसाळ्यासह. 'पावसाळ्यासह' हा शब्द मला कायम थोर वाटत आला आहे. चार महिने बारा महिन्यांत मोजायचे पण त्यांना काम द्यायचं नाही, किंवा काम द्यायचं पण दर आणि पद्धत कोरड्या दिवसांची धरायची. पाणी उपसायच्या मोटारी, चराला टेकू, ताडपत्री, बाहेर टाकावी लागणारी ओली माती आणि तिच्या जागी आणावा लागणारा मुरूम, याचे पैसे त्या शब्दात कुठेतरी विरघळलेले असतात. आमच्या गटाराचा तो तुकडा आम्ही तीनदा खोदला. बिल एकदाच झालं. ठेकेदार म्हणजे काही दानशूर माणूस नव्हे, दोन वेळचा खर्च त्यानं कुठून काढला असेल हे वाचकांनी ओळखावं. पाइपाखालची वाळूची गादी किती जाड होती, हे आता कोण खणून बघणार?

घाई वरून आली की काय होतं याचा महाराष्ट्राच्या पोटातला धडा म्हणजे पानशेत. मातीचं धरण. त्यात १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी साठवायचं म्हणून काम ठरल्या मुदतीच्या आधी रेटलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं होतं आणि धरण भरत गेलं. मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली, आणि १२ जुलैला बांध गेला. त्या पाण्यानं खडकवासलाही फोडलं आणि पुणं बुडालं. पानशेतच्या पुराची पुण्यातल्या घराघरांत एक तरी गोष्ट आहे, पाणी कुठवर चढलं याच्या खुणा दाखवणारे लोक मी लहानपणी पाहिले आहेत. त्या गोष्टींत नायक पाणी असतं. मला मात्र त्या मोरीवर खचणाऱ्या मातीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मातीच्या धरणानं पाणी अडवण्याआधी आपली माती बसवून घ्यायची असते, आतला ओलाव्याचा दाब निघून जाऊ द्यायचा असतो. जुने गवंडी जोत्याच्या भरावाबद्दल म्हणत, त्याला एक पावसाळा खाऊ दे. पाऊस त्यांना शत्रू वाटत नव्हता, भराव बसवणारा गडी वाटत होता. फक्त त्याचं काम होईपर्यंत वर भिंत चढवायची नाही.

कोकणात गोष्ट उभी होते, कारण तिथं चर नाही, डोंगर कापायचा असतो. वर जांभा, कडक, भोकाभोकांचा. त्याखाली शेडी, मऊ, पांढुरकी-गुलाबी, साबणासारखी. जांभ्याचं टोपण आहे तोवर शेडी गुमान असते. रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला की ती उघडी पडते आणि पावसात वाहू लागते, मग वरचा जांभा लटकतो. महामार्गावरच्या परशुराम घाटाची रड चौपदरीकरणापासून सगळ्यांनी पाहिली आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात पावसाआधी कापणी उरकावी म्हणून तो रोज दुपारी काही तास बंद ठेवला जायचा, आणि जुलैत दरडींनी तो बंद पडला. याच महामार्गावर, कर्नाटकात अंकोल्याजवळच्या शिरूरला, १६ जुलै २०२४ रोजी रस्त्यालगतचा डोंगर खाली आला आणि माणसं, दुकान, ट्रक घेऊन नदीत गेला. पनवेलपासून तिथपर्यंत रस्ता एक, पाऊस एक, आणि पायथा उभा कापायची हौसही एकच.

पण याच पट्ट्यात एक संस्था शिकली, हेही लिहायला हवं. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कापणीतली दरड रुळावर आली आणि कारवार-मुंबई विशेष गाडीतले पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. दोन्ही तारखा पाहा, आर्द्रा आणि मृग. त्यानंतर उतार कमी केले गेले, जाळ्या बसल्या, गटारं काढली गेली, आणि पावसाळी वेळापत्रक गंभीरपणे पाळलं जाऊ लागलं. गाड्या हळू चालतात, कापण्यांवर रात्रंदिवस माणसं गस्त घालतात. प्रवासी कुरकुरतात आणि तिकीट काढतात. चार महिने निराळे असतात हे छापील कागदावर कबूल करणारी ही आपल्याकडची बहुधा एकमेव बांधकामाशी संबंधित संस्था असावी. दुसरी असेल तर मला आनंदच आहे.

डोंगर रस्त्यासाठी कापतात तसा शेतीसाठी सपाटही करतात, आणि त्या सपाटीकरणाबद्दल बोलताना माळीणचं नाव निघतंच. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. तिथं पडकईसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. माळीण पडकईनं गाडलं असं ठासून कुणी म्हणू नये. त्या दिवसांतला पाऊसही भयंकर होता आणि सह्याद्रीतल्या दरडींना एक कारण क्वचितच असतं. पण पडकई हा शब्द मात्र समजून घेण्यासारखा आहे. महादेव कोळ्यांची ती जुनी रीत : एकमेकांच्या उतारावर आळीपाळीनं राबायचं, दगड वेचून बांध घालायचा, माती हळूहळू त्यामागे भरायची, भाताचं खाचर तयार करायचं. माणसाचा हात उन्हाळ्यात जेवढं हलवतो तेवढं पुढचा पावसाळा बसवतो. पोकलेन तेवढंच काम दोन दिवसांत करतो. वाईट यंत्र नाही. पावसाला पुरेल एवढीच माती सैल करायची, हा जो हाताचा अदृश्य लगाम होता, तो यंत्राला नाही.

शहरात तोच लगाम सुटल्याची किंमत कोंढव्यात दिसली. २९ जून २०१९ च्या पहाटे एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा माणसं झोपेतच गेली, त्यांत लहान मुलं होती. वर भिंत, खाली खोदलेली जागा आणि मध्ये पत्रा. पावसाळ्यात खोदाईच्या कडेला कोण झोपतं, हा प्रश्न विचारला की पावसाची गोष्ट एकदम दुसरी होते. सोसायटीतल्या कुणाचं घर तिथं नव्हतं. आपण अस्मानी-सुलतानी असे दोन शब्द जोडून म्हणतो, पण अस्मानी कुठे संपते आणि सुलतानी कुठे सुरू होते हे बघायचं असेल तर पत्र्याच्या त्या खोल्यांच्या जागेवर उभं राहावं.

यावर लोक विचारतात, मग काय चार महिने काम बंद ठेवायचं? नाही. मुंबईची भुयारी मेट्रो सगळ्या पावसाळ्यांत खोदली गेली, खडकात बोगदा करणाऱ्या यंत्राला वर काय पडतंय याची फारशी फिकीर नसते. खडकफोडी, काँक्रीटचे भाग ओतणं, छताखालची कामं ही पावसात होतात. यंत्रांचे हप्ते थांबत नाहीत, मजुराच्या चुलीला तर ऑगस्टही आहे आणि सप्टेंबरही. माझं म्हणणं एवढंच की काळ्या मातीचा चर आणि शेडीची कापणी ही कामं त्या यादीत बसत नाहीत, आणि जेवढं त्या संध्याकाळी झाकता येईल तेवढंच त्या सकाळी उघडावं. दिवस मावळताना भरावावरून गुळगुळीत रोलरचा एक फेरा मारून, वर थोडा उतार ठेवून पाणी बाहेर काढून द्यायला अर्धा तास लागतो. तेवढं न करता घरी गेलात तर पाऊस थांबल्यावर पुढचे चार दिवस तो भराव वाळायची वाट बघत बसायचं.

आणि तारखांवर विसंबून चालत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत आला, नेहमीच्या ११ जूनपेक्षा पंधरवडाभर आधी, १९५० पासूनच्या नोंदींत सगळ्यात लवकर. त्याच दिवशी वरळीचं आचार्य अत्रे चौक हे भुयारी स्थानक पाण्यात गेलं. ते सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि पाणी शिरलं ते अजून बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गावरून. ३१ मेपर्यंत खणा आणि मग थांबा हा नियमच त्या वर्षी पावसाच्या मागे पडला. शेतकरी मृगाची तारीख बघतो खरा, पण पेरतो मुठीतला गोळा बघून. निविदेत मात्र फक्त तारीख असते, मूठ नसते.

आमच्या गटाराचं काम त्या वर्षी जुलैत थांबलं. उघडा चर भरून टाकला, लोकांनी त्यावरून चिखल तुडवत पावसाळा काढला. ऑक्टोबरच्या मध्यावर मी परत गावात गेलो. हस्ताचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले होते. चराच्या वरची माती मी उचलून दाबून पाहिली, गोळा झाला, टाकल्यावर फुटला. निधी मंजूर होता, पाइप येऊन पडले होते, जेसीबी बोलावला होता. मुकादमाला फोन लावला. मागे बैलगाड्यांचा, पोरांच्या रडण्याचा आवाज येत होता.

"साहेब, आता कसं? उचल घेतली ना," तो म्हणाला. "कारखान्यावर चाललोय. गळीत सुरू झालं. मार्चात येतो."